स्वित्झर्लंडच्या मागची भिंत

नामपूर सोडून नाशकात राहायला आल्याबरोबर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 'घर' हा शब्द बोलण्यातून काढून टाकला. त्यापुढे ते फक्त 'फ्लॅट' म्हणत. "फ्लॅटवर या." "फ्लॅटची किल्ली कुठंय?" "असलं आपल्या फ्लॅटमध्ये चालायचं नाही." अण्णा सरकारी कचेरीत कारकून होते आणि आमच्या बागलाणातल्या साऱ्या भावकीत फ्लॅट घेणारे पहिले, त्यामुळे हा शब्द उच्चारताना त्यांची मान आपोआप थोडी वर जायची. फ्लॅट होता पंचवटीत, तीन मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. गल्ली एवढी अरुंद की समोरून रिक्षा आली तर स्कूटरवाल्याला पाय टेकत टेकत देवळाच्या पायरीपर्यंत मागे सरकावं लागे. पहाटे देवळातल्या घंटा, मग भाजीबाजाराकडे निघालेल्या हातगाड्यांचा खडखडाट, मग भटजींच्या मोपेडी, असा आवाजांचा क्रम ठरलेला होता. पण आम्हाला तो सगळा काचेपलीकडून, कानात कापूस घातल्यासारखा ऐकू यायचा. फ्लॅटच्या खिडक्या उघडायच्या नसतात, असं अण्णांचं ठाम मत होतं. उघड्या खिडकीतून धूळ येते, डास येतात, कबुतरं येतात, शेजाऱ्यांच्या नजरा येतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हवा येते. हवा लागली की पोरं आजारी पडतात.

तरी माझी धाकटी बहीण मंजू आजारीच असे. ज्या वर्षाची ही गोष्ट, तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मी दहावीत. नामपूरला असताना ती दिवसभर उन्हात उंडारायची, चिखलात बसायची, आणि तिला साधी शिंक यायची नाही. फ्लॅटमध्ये आल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात ती खोकायला लागली. आधी नुसता कोरडा खोकला, मग छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरांनी लाल औषधाची बाटली दिली. ती संपल्यावर दुसरी दिली. तिसऱ्या बाटलीला ते म्हणाले, "ॲलर्जी दिसतेय." अण्णा घरी आले ते काळजीत होते, पण खरं सांगायचं तर त्या काळजीत अभिमानाचा एक बारीकसा धागाही होता. आमच्या गावात कुणाला खोकला व्हायचा, कुणाला दमा व्हायचा. ॲलर्जी आजवर कुणाला झाली नव्हती. नामपूरला मामाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी कुलथेकाका. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचे. निवृत्त झाल्यापासून इमारत हेच त्यांचं खातं. त्यांनी नियम काढला होता की गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत, त्यानं इमारतीची शोभा जाते. मग नऊच्या नऊ बिऱ्हाडांचे ओले कपडे घरात वाळायचे. आमच्या आतल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या होत्या. त्यांखालून वाकून जायचं, तरी अण्णांच्या बनियनची ओली बाही गालाला चाटून जाई. पावसाळ्यात एक चादर वाळायला तीन दिवस लागत आणि वाळल्यावर ती नव्यानं धुवावीशी वाटेल असा तिला वास येई. मीठ बरणीत पाणी होऊन बसे. पापड डब्यात मऊ पडत. काडेपेटी पेटेना म्हणून आई ती गॅसच्या शेगडीजवळ ठेवी. माझ्या शाळेच्या चपलांवर एकदा हिरवट लव आली, तेव्हा अण्णा म्हणाले, "चामडं अस्सल आहे म्हणून येते." आई रोज संध्याकाळी उदबत्ती लावी, कपाटात डांबराच्या गोळ्या टाकी, वांग्याला लसणाची खमंग फोडणी देई, बाजरीच्या भाकरी थापी. तो वास घरभर दरवळला की तासभर बरं वाटे. मग त्याखालून तो दुसरा वास हळूच परत वर येई. भिजलेल्या पोत्यासारखा, बंद पेटीसारखा. आम्हाला त्याची सवय झाली होती. पाहुणे आले की दारातच नाक आकसत, ते मात्र दिसायचं.

आणि आमच्याकडे स्वित्झर्लंड होतं. त्या काळात ज्याच्या-त्याच्या भिंतीवर असायचं तसं: बर्फाचे डोंगर, निळं तळं, काठावर लाल छपराचं घर. अख्खी भिंत झाकणारं ते कागदी चित्र अण्णांनी हौसेनं आणून आतल्या खोलीत चिकटवलं. हौस खरी होती, पण कारण दुसरं होतं. ती भिंत डक्टला लागून होती. डक्ट म्हणजे इमारतीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत गेलेली अरुंद, अंधारी पोकळी. सगळ्यांचे संडास-बाथरूमचे पाइप तिच्यातून खाली जायचे. त्या भिंतीवर आधी बशीएवढा डाग दिसला, मग परातीएवढा. अण्णांनी दिवाळीला रंग दिला, संक्रांतीपर्यंत डाग रंगातून वर आला. पुढच्या दिवाळीला भारीतला चकचकीत रंग दिला, तो फुगून पापडासारखा सुटला. तिसऱ्या दिवाळीला स्वित्झर्लंड आलं. बघणारे म्हणत, "वा, खोलीत शिरल्यावर गार वाटतं." वाटायचंच. भिंत गारच होती.

दहावीच्या वर्षी मला अभ्यासाला शांतता हवी होती आणि मंजूचा खोकला काही थांबत नसे. मी तिच्यावर खेकसायची. "नाटकं बंद कर," असं मी तिला कितीतरी वेळा म्हटलंय. ती तोंडावर उशी धरून खोकायची, मला आवाज जाऊ नये म्हणून. शेवटी मी तिची खाट माझ्या टेबलापासून लांब, पलीकडच्या कोपऱ्यात सरकवली, अगदी स्वित्झर्लंडला चिकटून. तिला तर आनंदच झाला. ती तळ्याकाठच्या त्या लाल घराला बोटानं दार काढायची. हे लिहिताना माझं वय पन्नाशीपुढे गेलंय, मला माणसं हुशार समजतात, आणि तरीही ती खाट मी सरकवली हे वाक्य लिहायला आज मला दोन कप चहा लागला.

आषाढात पार्किंगमध्ये सोसायटीची सभा भरली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका भाडेकरूनं भाबडेपणानं विचारलं, की भिंतींना ओल येते त्याचं काय? कुलथेकाकांनी चष्म्यावरून सगळीकडे पाहिलं आणि विचारलं, "आणखी कुणाकडे आहे ओल?" एकही हात वर गेला नाही. ओल आहे म्हटलं की फ्लॅटची किंमत उतरते, आणि पाहुणे मुलगी बघायला आले तर काय म्हणतील? अण्णा तर म्हणाले, "आमच्याकडे छान कोरडं आहे." हे सगळं चाललं असताना मागे सायकलींच्या रांगेत आम्ही मुलं बसलो होतो. तळमजल्यावरचा बंटी खोकत होता, शेजारच्या बिऱ्हाडातल्या दोघी बहिणी आलटून-पालटून खोकत होत्या, मंजू खोकत होती. कुलथेकाका दोनदा ओरडले, "मुलांना शांत बसवा, कामकाज ऐकू येत नाही!" मग त्यांनी निर्णय दिला. ओल इमारतीत नाही, वातावरणात आहे. भाडेकरूनं महिन्याभरात खोली सोडली.

सुकदेवमामा, आईचा धाकटा भाऊ, नामपूरला कांदा पिकवायचा. उन्हाळ्यात त्यानं आमच्याकडे दोन गोण्या कांदा आणून टाकला होता. अण्णांनी तो मंजूच्या खाटेखाली ठेवला, कारण फ्लॅटमध्ये कांदा दिसणं त्यांना गावठी वाटे. तीन आठवड्यांत त्याला कोंब आले, मग काळं पाणी सुटलं, आणि आईनं तो नाक दाबून कचऱ्यात टाकला. मामाला कळवायची कुणाची छाती झाली नाही.

श्रावणातला एक गुरुवार होता. दुपारी शाळेतून आले तेव्हा आई भाजीबाजारात गेली होती आणि मंजू खाटेवर गुडघ्यांवर हात टेकून बसली होती. तिचे खांदे वर-खाली होत होते. मी म्हटलं, "काय झालं?" तिनं मान हलवली. बोलायला लागणारा श्वास तिच्याकडे नव्हता. मला जे शिकवलं होतं तेच मी केलं. स्वयंपाकघराच्या खिडकीची एक झडप उघडी होती, तीही लावून घेतली. तिच्या अंगावर चादर टाकली. निखाऱ्यावर ओवा टाकून तिच्या नाकासमोर धुरी धरली. मंजूनं माझा हात ढकलला. मी म्हटलं, "घे ना, बरं वाटेल," आणि पुन्हा धरली. तिचे ओठ जांभळे व्हायला लागले होते.

त्या वेळी दारात मामा उभा राहिला नसता, तर हे प्रकरण मी लिहिलंच नसतं. तो बाजार समितीच्या कामाला नाशकात आला होता आणि जेवायला म्हणून आमच्याकडे वळला होता. आत पाऊल टाकताच तो थबकला.

"खिडक्या कायले बंद करेल शेतस?" तो आमच्या अहिराणीत ओरडला. मग त्याला मंजू दिसली. माझ्या हातातली धुरी त्यानं मोरीत भिरकावली, मंजूला चादरीतून उचललं आणि जिन्यानं वर धावत सुटला. मी मागोमाग. गच्चीवर वारा होता. मामानं तिला मांडीवर ताठ बसवलं, फ्रॉकची वरची बटणं सोडली, आणि पाठीवरून हात फिरवत राहिला. "घे बेटा, वारा घे. दम नको सोडू." थोड्या वेळानं शिट्टी जरा मंद झाली. मग तो तिला तसाच खांद्यावर टाकून खाली उतरला आणि गल्लीत अडकलेल्या पहिल्या रिक्षात बसला.

इस्पितळात तिच्या तोंडाला वाफेच्या यंत्राचा मास्क लावला. आई भाजीची पिशवी घेऊन तशीच आली, अण्णा कचेरीतून आले. तपासणाऱ्या डॉक्टरबाई तरुण होत्या, घाईत होत्या, पण प्रश्न नेमके विचारत होत्या. घरात कुणी विडी ओढतं का? कबुतरं आहेत का? मग त्यांनी विचारलं, "घरात ओल आहे? भिंतींना बुरशी?"

अण्णा लगेच म्हणाले, "छे छे. आमचा फ्लॅट आहे."

मास्कच्या वर मंजूचे डोळे तेवढे दिसत होते. आईनं अण्णांकडे पाहिलं. बाई कागदावर 'नाही' असं लिहू लागल्या, तेवढ्यात भिंतीशी उकिडवा बसलेला मामा उठला. त्याला डॉक्टरांसमोर बोलायची सवय नव्हती. तो अण्णांशीच बोलला, अगदी हळू आवाजात.

"दाजी, कांदा कथा गया मना? माले ताईनी आते सांगं. चाळमा सा महिना टिकस, तुमना घरमा वीस दिन बी टिकना नही." चाळीत सहा महिने टिकणारा कांदा आमच्या घरात वीस दिवसही टिकला नाही, असं तो म्हणत होता. कांद्याची चाळ म्हणजे फळ्यांमध्ये फटी ठेवून बांधलेली, वारा आरपार जाणारी साठवणीची जागा, हे बाईंना बहुधा ठाऊक असावं. त्यांचं पेन थांबलं होतं. "कांदाले बी वारा लागस, दाजी. हाई तर पोर शे."

बाईंनी 'नाही' खोडून 'आहे' लिहिलं.

दोन तासांनी मंजूला सोडलं. घरी आल्यावर आईनं तिला मामाबरोबर गॅलरीत बसवलं, साडीचा पदर खोचला आणि आतल्या खोलीत गेली. स्वित्झर्लंडच्या वरच्या कोपऱ्यात तिनं नख घातलं. चित्र एका झटक्यात निघालं नाही. डोंगर आधी आले, तळं नंतर, लाल घराचा अर्धा भाग भिंतीलाच राहिला. मागे सगळं काळं होतं. नुसता डाग नव्हता, काळा मखमलीसारखा थर होता, मंजूच्या उशीच्या उंचीला सगळ्यात दाट. अण्णा दारातून म्हणाले, "अगं, हळू, उद्या पुन्हा लावता यायला हवं."

"आते बस!" आई म्हणाली, म्हणजे आता पुरे. ती अण्णांशी आमच्या बोलीत कधी बोलत नसे. फ्लॅटमध्ये आल्यापासून त्यांनीच तसं सांगितलं होतं. त्या दोन शब्दांनी अण्णा दारातून बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी श्रावणी शुक्रवार. जिवतीची पूजा. या दिवशी आया मुलांना ओवाळतात, त्यांच्या आयुष्यासाठी जिवतीला साकडं घालतात, आणि बायकांना हळदीकुंकू, दूध-फुटाणे देतात. आई सकाळीच सगळ्या बिऱ्हाडांत निरोप देऊन आली. अण्णांना वाटलं, आता ती भिंतीपुढं कपाट तरी सरकवील. आईनं कपाट उलट लांब सरकवलं, आणि जिवतीचा कागद नेमका त्या काळ्या भिंतीवर लावला. पाट मांडला, समई लावली. बायका बाहेरच्या खोलीतून हसत-बोलत आत आल्या आणि दारातच थांबल्या. आई प्रत्येकीला कुंकू लावत होती आणि बोलत होती, स्वयंपाकाची कृती सांगावी तशी.

"ही आमची भिंत. काल हिच्यापायी माझी मंजू जात होती. यजमान सभेत म्हणाले कोरडं आहे, ते खोटं. मला माझं दाखवायला लाज वाटली नाही. आता तुम्ही सांगा."

मग बंटीची आई म्हणाली, "आमच्या शोकेसच्या मागं आहे." शेजारच्या दोघी बहिणींची आई रडायलाच लागली. त्यांच्याकडे दिवाणामागं होती. एकीनं देवघरामागं सांगितलं. एकीच्या घरी नवऱ्याच्या सत्काराचे सगळे फोटो ओलीच्या आकारानं लावलेले होते. शेवटी राहिल्या कुलथेकाकू. त्या मंजूला ओवाळत होत्या. तबक खाली ठेवून म्हणाल्या, "आमच्याकडे ओल नाही. पण डक्टच्या तोंडावर आमच्या यांनी पत्रा ठोकलाय. चार वर्षं झाली. कबुतरांचा घाण वास वर आमच्याकडे यायचा म्हणून."

फुटाणे तसेच राहिले. साऱ्या बायका नेसत्या भरजरी साड्यांत गच्चीवर निघाल्या. वाटेत वरच्या मजल्यावर कुलथेकाका दारात पेपर वाचत होते. काकूंनी त्यांच्या खिशातून डक्टभोवतीच्या जाळीच्या कुलपाची किल्ली काढली. ते पाठोपाठ आले. "अहो, हे सभेपुढं ठेवायला हवं! ठराव लागतो!" बंटीच्या आईनं हातोडी मागवली. पत्रा निघाला तेव्हा आतून जी हवा वर आली तिनं पुढं वाकलेल्या दोघी मागं हटल्या. मेलेली कबुतरं, वर्षानुवर्षांची विष्ठा, आणि दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर फुटलेला पाइप, ज्यातून पाणी सरळ आमच्या भिंतीवर पडत होतं. बहुधा चार वर्षं. वरून झाकलेलं असल्यानं कुणाला ते दिसलंच नाही. माझ्या बहिणीची छाती तेवढी चार वर्षं सांगत होती.

पाइप आठवड्यात बदलला. भिंती खरवडल्या, उन्हात उघड्या ठेवल्या. गॅलऱ्यांत कपडे वाळायला लागले आणि आमची इमारत शोभा गेलेल्या इमारतीसारखी, म्हणजे माणसं राहतात अशी दिसायला लागली. अण्णांनी महिनाभर आमच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. खिडक्या मात्र पहाटे तेच उघडायचे, कुणी उठायच्या आत, चोरून काही करावं तसं. बंटी बरा झाला. मंजूची शिट्टी कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. आज ती स्वतः दोन मुलांची आई आहे आणि तिच्या पर्समध्ये दम्याचा पंप असतो. डॉक्टर म्हणतात, लहानपणी काय झालं ते आता नेमकं सांगता येत नाही. मला सांगता येतं. मी तिला त्या खाटेबद्दल एकदा सांगितलंही. ती म्हणाली, "ताई, मला तर ती जागा आवडायची." त्यानं माझं काहीच हलकं झालं नाही.

दिवाळीआधी कुलथेकाका सभेच्या इतिवृत्ताची वही सह्यांसाठी दारोदार फिरवत आमच्याकडे आले. अण्णा कमिटीवर होते. काकांनी चहा घेतला, वही उघडून टेबलावर ठेवली आणि पेनचं टोपण काढून दिलं. अण्णा चष्मा शोधायला आत गेले. आई सातवीपर्यंत शिकलेली. तिनं वही ओढली आणि बोट ठेवून वाचलं: 'सभासदांचे सहकार्य व वातावरणातील सुधारणा यांमुळे ओलीची किरकोळ तक्रार आपोआप दूर झाली.'

तिनं पेन घेतलं आणि खाली, मोठ्या गोल अक्षरांत, लिहायला सुरुवात केली. बंटी. मग त्या दोघी बहिणींची नावं. मंजू. मग त्या खोली सोडून गेलेल्या भाडेकरूच्या मुलाचं नाव, जे आम्हा कुणाच्या लक्षात नव्हतं. प्रत्येक नावापुढं कोण किती वर्षं खोकलं आणि कोण अजून खोकतं.

"वहिनी," काका म्हणाले, "हे इतिवृत्तात बसत नाही."

"मग मोठी वही आणा," आई म्हणाली आणि लिहीत राहिली.

अण्णा चष्मा लावून बाहेर आले. त्यांनी उभ्यानंच पान वाचलं, वरचं एक वाक्य आणि खालची सगळी नावं. मंजूच्या नावाशी ते जरा जास्त थांबले. काकांनी घाईघाईनं वरच्या वाक्याजवळ बोट ठेवलं, "सही इथं." अण्णांनी वही स्वतःकडे फिरवली, पान अगदी खालपर्यंत पाहिलं, आणि आईनं लिहिलेल्या शेवटच्या नावाखाली, पूर्ण नाव, गाव नामपूर, तालुका बागलाण असं सगळं लिहून सही केली.